पाहुण्याला दाखवलेला सिनेमा

त्याला सगळा बाजार पाहुणा म्हणायचा, कारण तो आला होता पंधरा दिवसांसाठी. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

दुकानं फोडणाऱ्या टोळीपुढे पोलिसांनी हात टेकले, तेव्हा व्यापारी मंडळाने त्याला बोलावलं. मूळ खूळ घड्याळवाल्याचं. त्याने मंडळाच्या हॉलमध्ये हौसेने एक जुना काउबॉयचा सिनेमा लावला होता. माळावरचं गाव, माजलेले गुंड, शेपूट घालणारे दुकानदार आणि घोड्यावरून आलेला एक परका माणूस. "आपल्यालाही असाच कोणी हवा," असं तो चहा पिता पिता बोलून गेला आणि मंडळींनी ते उचलून धरलं. पाहुणा आला, टोळीने धूम ठोकली, बाजाराने त्याला डोक्यावर घेतलं. मग मात्र तो खाली उतरेना.

आवाज तो कधी चढवत नसे. काका, दादा, ताई असं मायेने बोलायचा. बोलताना कमरेचं पिस्तूल काढून समोर ठेवायचा, घरी आल्यावर आपण किल्ल्या ठेवतो तसं. चष्मेवाल्याने एकदा त्याला नकार दिला होता. चष्मेवाला आता कुठे असतो, हे कोणी कोणाला विचारत नाही.

त्या आठवड्यात पाहुणा घड्याळवाल्याच्या काउंटरशी येऊन टेकला. "काका, तुमची वरची खोली छान आहे. उजेड भरपूर. सोमवारपासून तिथेच राहीन म्हणतो."

वरच्या खोलीत घड्याळवाल्याची थोरली बहीण राहायची. नवरा गेल्यापासून तिचं शिलाई मशीन आणि तिचं जग तिथेच होतं.

"पण तिथे ताई असते," घड्याळवाला कसाबसा म्हणाला.

"मग असू दे की. त्यांना कशाला हलवताय? मलाही चहापाण्याला कोणीतरी लागेलच."

हातातलं घड्याळ घड्याळवाल्याने उघडं तसंच खाली ठेवलं.

भित्र्या माणसांना युक्त्या फार सुचतात. त्यालाही सुचली. तोच सिनेमा पाहुण्याला दाखवायचा, अगदी शेवटपर्यंत. शेवटी तो परका माणूस आपली बंदूक नव्या कोर्टाच्या खुंटीला अडकवतो, "आता इथे कायदा आलाय, माझं काम संपलं," म्हणतो आणि नदी ओलांडून निघून जातो. आपण तोंडाने काही बोलायचं नाही. माणूस हुशार आहे, उमजेल. मंडळाचा अध्यक्ष औषधवाला. त्याला ही युक्ती फार आवडली, कारण तीत त्याला काहीच बोलावं लागणार नव्हतं.

ताईने मात्र कपाळाला हात लावला. "माझ्यासाठी सिनेमा लावतोयस? अरे, तोंडावर नाही म्हणून सांग."

"तू गप्प बस गं. तुला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला. तिला सगळं कळत होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. पाहुणा पुढच्या रांगेत, शेजारी घड्याळवाला. पडद्यावर गोळ्या सुटत होत्या आणि पाहुणा लहान मुलासारखा हसत होता. शेवट जवळ आला तसा घड्याळवाल्याचा सदरा पाठीला चिकटला. बंदूक खुंटीला लागली, घोडा नदीत उतरला, पडदा पांढरा झाला. कोणीतरी दिवे लावले.

पाहुण्याने डोळे पुसले. खरोखर पुसले. मग उठून तो लोकांकडे वळला.

"का गेला बिचारा, कळलं का? कोर्टबिर्ट सब झूट. तारीख पडेपर्यंत माणूस जगायला नको का? तो गेला, कारण त्याला कोणी राहा म्हटलं नाही. गरज होती तोवर पुढे पुढे केलं, नंतर साधी एक खोली देववेना. असलं गाव मी तर जाळूनच टाकलं असतं." तो थांबला. "हा सिनेमा मला मुद्दाम दाखवलात ना? कोणाची कल्पना?"

औषधवाला आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "घड्याळवाल्यांची."

पाहुण्याने पिस्तूल काढून रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि घड्याळवाल्याच्या खांद्यावर हात टाकला. "म्हणजे काका, तुम्ही मला राहा म्हणताय. असंच ना?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. ताई मागच्या रांगेत बसली होती. घड्याळवाल्याला चष्मेवाल्याचं बंद दार दिसलं आणि त्या भीतीने बाकी सगळं पुसून टाकलं.

"हो," तो म्हणाला. "राहा की."

औषधवाल्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली, सुटल्यासारखी, जोरजोरात. घड्याळवाल्याचेही हात वाजत होते.

गर्दी पांगली तेव्हा ताई त्याच्यापाशी आली. ती रडेल, निदान चार शब्द सुनावेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"चल," ती म्हणाली. "मशीन जड आहे, एकटीला सरकवता येणार नाही. त्यांच्या पलंगाला जागा करायला हवी."