जोतिरामकाकांचा घास

पुण्यात मी एका व्हिडिओच्या कंपनीत आहे आणि माझा पगार एकाच गोष्टीचा: बघणाऱ्याचं चित्र अडकलं, तर त्याची शिवी यायच्या आत मला कळलं पाहिजे. हे घरी कुणाला सांगू नये. धाकट्या बहिणीचं, पूनमचं लग्न ठरलं तेव्हा आमचे वडील, अण्णा, म्हणाले, "सृष्टी व्हिडिओचंच करती की. लाइव्ह तीच दाखवील." झालं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी शालू नेसून जुळे सोलापुरातल्या कार्यालयाच्या कोपऱ्यात लॅपटॉप राखत बसले.

कॅमेऱ्यावर माझा कॉलेजचा मित्र अतीक होता. मी ऑफिससारखी सगळी तयारी केली होती. चित्र बाहेर चाललंय का, किती वेगानं, किती जण बघतायत, सगळे आकडे समोर. दिवा हिरवा. बघणाऱ्या नातेवाइकांचे मेसेजही धडाधड येत होते: खूप छान, नांदा सौख्यभरे, हात जोडलेले. अतीक म्हणाला, "टेन्शन नक्को." मी म्हटलं, मला कसलं टेन्शन, माझं रोजचंच काम आहे.

टेन्शन आतल्या खोलीत होतं. पूनम नटून बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. आमच्यात नवरीला मामा हाताला धरून अंतरपाटापाशी आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. आमचा बिरप्पामामा केमला, त्याच्या गावी, रुसून बसला होता. चूक शंभर टक्के अण्णांची. पहिली पत्रिका कुंकू लावून मामाच्या घरी न्यायची असते. अण्णांनी ती फॅमिली ग्रुपवर टाकली, तीही डाळिंबाच्या भावाच्या मेसेजखाली. मामानं ग्रुप सोडला आणि तेव्हापासून माझासुद्धा फोन उचलला नव्हता. लाइव्हची लिंक मी त्याला तरी वेगळी पाठवून ठेवली होती.

"मामा नाही तर मी बाहेर येत नाही," पूनम म्हणत होती. "मग बस आतच," असं अण्णा मुहूर्त जवळ आलेला असताना म्हणत होते. आई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती. नवऱ्याकडची माणसं घड्याळं बघायला लागली. माझं डोकं असं तापलं होतं की दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटत होती.

तेवढ्यात फोन वाजला. बिरप्पामामा.

"सृष्टे," मामा म्हणाला, "त्या जोतिरामाचं त्वांड मिटीव आधी."

"काय?"

"मगापासनं उप्पिटाचा घास धरून बसलाय त्यो. ना गिळतोय ना टाकतोय. आवाज बी न्हाय. हेच शिकलीस व्हय पुण्यात?"

मी माझ्या फोनवर लिंक उघडली. आमचे जोतिरामकाका, चमचा ओठांपाशी, जबडा पूर्ण उघडा, आतलं सगळं दिसतंय. अतीकच्या कॅमेऱ्याची वायर निसटली होती आणि लॅपटॉप शेवटचं चित्र इमानदारीत जगभर पाठवत होता. पाठवणं नीट चाललं होतं, म्हणून दिवा हिरवा. आणि त्या घासाखाली सगळं खानदान लिहीत होतं: खूप छान, खूप छान. न बघताच लिहीत होते, किंवा बघूनही लग्नघराला नाव कशाला ठेवा म्हणून. माझ्या आकड्यांनी मला गंडवलं आणि नातेवाइकांनीही. खरं बोलला तो एकटा रुसलेला मामा.

मी अतीकला वायरीकडे बोट दाखवलं. फोन कानालाच होता. मामाच्या मागं बँड वाजत होता. लिंकवरचा असेल असं मला क्षणभर वाटलं. पण लिंकवर तर आवाजच नव्हता. इतक्यात अण्णा दाराशी ओरडले, "वाजंत्री थांबवा जरा." आमचा बँड थांबला, आणि त्याच ठोक्याला फोनमधलाही.

"मामा, कुठं आहेस?"

"घरी. केमला."

मी शालू वर खोचून बाहेर पळाले. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर मामा बसला होता. धुवट धोतर, हातात फोन, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत फेटा. मला भडभडून रडू आलं आणि रागही आला.

"सकाळच्या गाडीनं आलो," मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. "हितनं बघून जाणार हुतो. आत मानानं बोलावल्याबिगर येत न्हाय मी."

"तिकडं पूनम अडून बसलीय तुझ्यासाठी. आणि तू इथं कटिंग पितोयस?"

मामानं चहाचा ग्लास खाली ठेवला. मला शोधत अण्णा मागून आले आणि मामाला बघून जागीच थांबले. आता दोघं भांडणार म्हणून मी मधे उभी राहिले.

"तुमचा व्हिडिओ बंद हाय, दाजी," मामा म्हणाला.

"तुम्ही बघत होता?" अण्णांनी विचारलं.

"मग? भाची हाय माझी."

अण्णांनी खाली बघितलं. मग मामाच्या मांडीवरची पिशवी उचलली, फेटा काढला आणि स्वतःच्या हातानं मामाच्या डोक्याला बांधायला घेतला. अण्णांनी जन्मात कुणाला फेटा बांधलेला नाही. एक कान झाकला गेला, सुटलेलं टोक तोंडावर आलं.

"चुकलं माझं, बिरप्पा," अण्णा म्हणाले.

"वाकडा झालाय."

"असू दे. पोरगी थांबलीय."

मामा खोलीच्या दारात दिसला तशी पूनम उठली. तिनं काही विचारलं नाही, नुसता हात पुढं केला. त्यानं तिला अंतरपाटापाशी आणलं आणि मागं उभा राहिला. मघापासून वायरीशी झटणाऱ्या अतीकनं ती अखेर घट्ट खोचली. जोतिरामकाकांचं तोंड एकदाचं गेलं आणि पडद्यावर पूनम आली, तिच्या खांद्यामागं वाकड्या फेट्यातला, डोळे पुसणारा बिरप्पामामा.

आणि मेसेजांमध्ये त्या दिवसातली पहिली तक्रार आली. मोडनिंबच्या राजाबाईआत्याची: "सृष्टी, व्हिडिओ बिघडलाय गं. जुनं काहीतरी लागलंय. बिरप्पा दिसायलाय."

मी लिहिलं, "नाही आत्या. आत्ताच नीट झालाय."