खारूचे खडे आणि मी

मित्रांनो, माझ्या पोटाच्या तळाशी तुम्हाला बारीक बारीक ओरखडे दिसतील. कितीही घासलं तरी ते आता जायचे नाहीत. मी एक जुना मापाचा चमचा आहे. स्वयंपाकघरातला म्हणाल, तर तिथून माझी फार पूर्वीच हकालपट्टी झाली.

कारखान्यात पत्र्यातून ठोकून काढलं, तेव्हा आम्ही चार भावंडं एकाच कडीत अडकवलेली होतो. ज्या घरात आलो, तिथले बाबा चष्म्याच्या काचा घासण्याचं काम करायचे. सुटीच्या दिवशीसुद्धा त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. त्यांनी मागच्या खोलीत मोटरवर फिरणारा एक रबरी ड्रम बसवला. त्यात नदीकाठचे खडे, पाणी आणि ग्रिट नावाची खरखरीत पूड घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि ड्रम फिरत ठेवायचा. आधी जाड ग्रिट, मग मधली, मग बारीक, आणि शेवटी पिठासारखं मऊ पॉलिश. प्रत्येक पुडीला वेगळा चमचा हवा, म्हणून आमची वरात मागच्या खोलीत निघाली.

"अहो, माझे चमचे!" आई ओरडल्या.

"आता ते परत घेऊ नकोस. दात पडतील," बाबा हसत म्हणाले.

मी सगळ्यांत थोरला, म्हणून जाड ग्रिट माझ्या वाट्याला आली. बाबांनी माझ्या पाठीवर खिळ्याने एक रेघ ओढली, म्हणजे चुकूनही मी पॉलिशच्या डब्यात जाऊ नये. जाड ग्रिटचा एक कण जरी तिथे पोहोचला, तरी तुळतुळीत खड्यांवर चरे पडतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

मला हातात धरायचा मान मात्र त्यांच्या मुलीचा. दिसेल ते खिशात कोंबायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. ती मला डब्यात बुचकळायची, शीग चढवायची आणि बाबांकडे चोरून बघायची.

"सपाट भर. शीग नको."

"थोडी जास्त घातली तर लवकर होतील ना?"

"लवकर नाही होत. नुसती राड होते."

मग ती दातांत जीभ धरून पट्टीच्या कडेने माझी शीग उतरवायची. ड्रम घरघरत राहायचा. पाहुण्यांनी विचारलं, तर आई म्हणायच्या, "काही नाही, आमच्या घराचं पोट बिघडलंय." केवढं हसायचे सगळे!

एके वर्षी खारूला ताप आला. तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

ड्रम कोणी बंद केला ते मला कळलं नाही. मी खिळ्याला लटकून राहिलो. घर इतकं गप्प झालं, की नळाचा थेंब पडला तरी दचकायला व्हायचं. आणि तरीही आई दुपारच्या कामातून उठून मागच्या खोलीत यायच्या.

"अहो, चालू आहे का हा?"

"नाही गं."

"मला ऐकू येतोय."

त्या ड्रमवर तळहात ठेवायच्या. ड्रम थंडगार. खरं सांगू, मित्रांनो? मलाही तो ऐकू यायचा. कधी कधी माझ्या दांड्यावर दोन लहान बोटं टेकल्यासारखी वाटायची आणि खिडकी बंद असताना मी खिळ्यावर हलायचो. भुताखेतांतलं चमच्याला काय कळणार? पण मी हलायचो, एवढं खरं.

पुढे कधीतरी खारूचा शाळेचा फ्रॉक धुवायला काढताना आईंना खिशात मूठभर खडे सापडले. त्यांनी ते वाटीत घालून मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवले. कोरडे असले की ते मातकट दिसायचे. पाणी शिंपडलं की लाल, पिवळे, हिरवट रंग उमलायचे. आई रोज सकाळी पाणी शिंपडायच्या आणि वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या.

बाबांना ते बघवेना. एकदा ते हळूच म्हणाले, "ड्रममध्ये घालूया का? ओले असताना दिसतात, तसेच कायम राहतील. तिनेही त्यासाठीच आणले होते."

"आणि झिजतील किती?"

"थोडेसे."

"तिचा हात लागलाय त्यांना. तो हात लागलेलं वरचं सगळं तुम्ही खरवडून काढणार," आई म्हणाल्या.

 बाबा चप्पल घालून कामावर निघून गेले.

त्यानंतर एका दुपारी आई एकट्याच आल्या. त्यांनी वाटीतले खडे ड्रममध्ये ओतले, वर पाणी घातलं आणि बटण दाबलं. ग्रिट घातलीच नाही. मला हातही लावला नाही. त्यांना घासायचं नव्हतं. त्यांना तो आवाज हवा होता. जमिनीवर बसून, डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या.

तेवढ्यात बाबा लवकर घरी आले. दारातच त्यांची पावलं थांबली.

"खारू?"

त्या हाकेने माझा पत्रा थरारला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मीच आहे," आई आतून म्हणाल्या.

बाबा धावतच आत आले. "अगं, एवढेसेच खडे? नुसते आपटून फुटतील ते!" त्यांनी ड्रम बंद करून झाकण उघडलं. एका खड्याचे दोन तुकडे झाले होते. आईंनी ते तुकडे तळहातावर जुळवून पाहिले आणि खारू गेल्यापासून पहिल्यांदाच त्या मोठ्याने रडल्या. बाबाही शेजारी जमिनीवर बसले. 

शेवटी आईंनी पदराने डोळे पुसले. "न फुटता फिरवायचे तर काय करावं लागेल?"

"ड्रम निम्म्याहून जास्त भरावा लागतो. सोबतीला तितकेच टणक खडे हवेत. तिने आणले त्याच काठावरचे."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून नदीवर गेले आणि चिखलाने माखलेले पाय घेऊन परत आले. पिशवीभर खडे खारूच्या खड्यांसोबत, त्या दोन तुकड्यांसकट, ड्रममध्ये पडले. बाबांनी मला खिळ्यावरून काढलं आणि आईंच्या हातात दिलं.

 आईंनी मला सपाट भरलं. मग माझ्यातली एक चिमूट डब्यात परत टाकली. मग आणखी एक.

"चालेल ना?"

"चालेल. वेळ लागेल इतकंच."

मीही मनात म्हटलं, लागू दे. खड्यांना चावणारी ग्रिट घालण्यापलीकडे मला दुसरं काम येत नव्हतं; त्या दिवशी ते जितकं हळू होईल तितकं मला हवं होतं.

ड्रम पुन्हा घरघरू लागला. दर टप्प्याला आई खडे एकेक करून धुवायच्या, नखांनी ग्रिट काढायच्या, गढूळ राड मोरीत न ओतता अंगणातल्या खड्ड्यात टाकायच्या. माझी भावंडं आपापल्या पाळीला गेली. पॉलिशचा टप्पा संपला त्या सकाळी बाबांनी सगळे खडे पांढऱ्या फडक्यावर पसरले. ते कोरडे होते आणि तरी ओल्यासारखे चमकत होते.

आई खाली वाकल्या. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. फुटलेल्या तुकड्यांनाही आता कडा उरल्या नव्हत्या.

"यातले तिचे कोणते हो?"

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. काचेवरचा केसाएवढा चरा ओळखणारे डोळे त्यांचे. ते एकेका खड्यावरून फिरले.

"मलाही नाही ओळखू येत," ते म्हणाले.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. खरा नाही आणि तो दुसराही नाही. मी कान देऊन ऐकलं. माझ्या दांड्यावर कोणाची बोटं नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं माप असेल, तर ते धुऊन, पुसून, ज्याच्या त्याच्या खिळ्याला लावा. ते हातात घेतलंत तर घाई करू नका. एकदा झिजलेलं आम्हाला परत भरून देता येत नाही.

आईंनी वाटी पुढे ओढली. ती पुरेना, तेव्हा स्वयंपाकघरातून मोठं पातेलं आणलं आणि दोन्ही हातांनी सगळे खडे त्यात भरले.

"मग सगळेच तिचे," त्या म्हणाल्या.