हरणाबाईंचं कवठ आणि मी निळा ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे. दोनशे लिटरचा, प्लॅस्टिकचा, एका कडेला चेपलेला. मित्रांनो, एवढं धिप्पाड अंग असून मी बरीच वर्षं घाबरतच काढली, असं सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल. पण भीतीला कारण होतं, आणि ते माझ्या पोटात होतं.

माझी पहिली नोकरी कराडजवळच्या एका मळ्यात. मालक उदयसिंह, मोठे ऊसवाले. उसाची लागण झाली की त्यांच्या रानात तण माजायचं, आणि ते मारायचं औषध पाण्यात कालवायला मी. माझ्यातून पाठीवरचे पंप भरून गडी सरीत शिरायचे. दोन-तीन दिवसांत रुंद पानांचं सगळं तण पिळवटून माना टाकायचं, आणि ऊस मात्र जसाच्या तसा डुलत उभा. उदयसिंह माझ्या पाठीवर थाप मारायचे. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला लई अभिमान वाटायचा.

एकदा कुणीतरी माझ्या तळाला राहिलेलं पाणी बांधावरच्या शेवग्याला ओतलं. चांगला फुलावर आलेला शेवगा महिन्याभरात वाळून कोळसा झाला. कीड लागली असेल, असं सगळे म्हणाले. मला मात्र कळून चुकलं. सात वर्षं ते औषध माझ्या अंगात मुरलं होतं. त्या दिवसापासून कुणी माझ्याकडे भांडं घेऊन आलं की मला धडकी भरायची.

पुढे मोठा ट्रॅक्टरचा फवारा आला आणि मी पंपघराच्या मागे पडलो. उन्हानं अंगावरचा कागद उडून गेला. मी कोण होतो, हे सांगणारं काहीच उरलं नाही. तिथंच पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण भाऊबीजेला उदयसिंहांची बहीण राजेश्वरी माहेरी आली. तिला दिलं होतं वडूजकडच्या एका माळावरच्या गावात. निघताना तिनं एक ड्रम मागितला. सासूबाईंच्या कवठाला घरचं खत करून घालायचं होतं. माहेराहून मुलीला रिकाम्या हातानं लावून द्यायचं नाही, ही त्या घरातली रीतच. मग मला तीन वेळा धुतलं, गुळाची एक ढेप आत ठेवली आणि पिकअपमध्ये चढवलं. सगळी वाट ती ढेप माझ्या पोटात आदळत होती आणि मी त्या न पाहिलेल्या कवठाची काळजी करत होतो.

राजेश्वरीच्या सासूबाई म्हणजे हरणाबाई. अकरा वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या चटणीचं कवठ फोडल्यावर त्यांनी त्याचं एक बी अंगणात पुरलं होतं. कवठ मुळात सावकाश वाढणारं, त्यात जमीन मुरमाड. अकरा वर्षांत झाड त्यांच्या खांद्याला लागलं होतं. आयाबाया थट्टा करायच्या की म्हातारे, याचं फळ तुझी नातवंडंच खातील. सैन्यात असलेला मुलगा, राजेश्वरीचा नवरा वीरधवल, फोनवर आधी तब्येत विचारायचा आणि मग कवठ केवढं झालं ते. हरणाबाई दर वेळी बोटभर वाढवून सांगायच्या.

राजेश्वरीनं मला जनावरांच्या छपरात सावलीला ठेवलं. एकाच घरापुरतं करायचं म्हणून मी चौथाईच भरेन एवढं पाणी घेतलं. त्यात ताजं शेण, गोमूत्र, चुरलेला गूळ, ओंजळभर बेसन आणि बांधावरच्या झाडाखालची मूठभर माती. वर गोणपाट झाकून ती सकाळ-संध्याकाळ काठीनं एकाच दिशेनं ढवळायची. तिसऱ्या दिवशी फेस आला, आंबूस गोड वास सुटला. बचत गटातल्या बायका बघायला आल्या आणि जीवामृत चांगलं जमलंय म्हणाल्या. जगात कुणाच्याही पोटात यापेक्षा चांगलं खत झालं नसतं. आणि ते माझ्या पोटात झालं होतं. काठी फिरायची तशी माझ्या अंगातून ती जुनी घाण त्यात उतरत होती. मला ओरडायचं होतं. ड्रमला तोंड असतं, पण त्यातून आवाज फुटत नाही.

हरणाबाईंच्या घरी कुठलीही नवी गोष्ट आधी तुळशीला द्यायची. शनिवारी पहिला तांब्या तुळशीला गेला. कवठाला सोमवारी घालायचं ठरलं, कारण कवठ महादेवाचं. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. छपरातून तुळस दिसायची नाही. तिचं काय होतंय, हे मला कळत नव्हतं आणि कळलं तरी करणार काय होतो?

सोमवारी सकाळी राजेश्वरीनं बादली बुडवली. कवठाच्या आळ्यात एक मग ओतला, मग दुसरा. तिसरा भरला तेवढ्यात वृंदावनापाशी पूजेला गेलेल्या हरणाबाईंची हाक आली. 

"राजेश्वरी, हिकडं ये गं. तुळस बघ कशी झालीया."

तुळशीचे शेंडे दोरी वळावी तसे पिळवटले होते. हरणाबाई तिच्यापाशीच बसून होत्या. सरहद्दीवर मुलगा आणि दारात तुळस मरायला टेकलेली, हा त्यांना अपशकुनच वाटला.

"ईरधवलचा फोन कवा आलता?" त्यांनी विचारलं.

 राजेश्वरी त्या पिळलेल्या शेंड्यांकडे बघत होती. उसाच्या रानात वाढलेली पोरगी ती. फवारणीनंतरचं तण तिनं हजारदा पाहिलं होतं. ती तशीच छपरात आली, माझ्यात डोकं घालून वास घेतला आणि तिथंच उभी राहून भावाला फोन लावला.

"दादा, ड्रम कसला हुता?"

पाण्याचाच होता, उदयसिंह म्हणाले. फवारणीचं पाणी त्यात कालवायचो, पण तीन वेळा धुतलाय.

"कसली फवारणी?"

 उदयसिंह म्हणाले, "तणाची. पण आगं, उसाला त्यानं कवा काय झालं न्हाई."

"उसाला न्हाईच हुणार, दादा. ते रुंद पानाच्या झाडाला मारतं."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि खुरपं घेऊन पळाली. तुळस माझ्यातल्या जुन्या औषधानं गेली, वीरधवलचा तिच्याशी काही संबंध नाही, हे तिनं सासूला पळता पळताच सांगितलं. हरणाबाई उठल्या. दोघींनी मिळून कवठाच्या आळ्यातली ओली माती हातानं खरवडून पोत्यात भरली, मुळं उघडी पडेपर्यंत. मग उरलंसुरलं विष शोषून घ्यायला चुलीतला कोळसा कुटून घातला आणि बांधावरची कोरडी माती आणून टाकली. हरणाबाईंची नखं रक्ताळली तरी त्या थांबेनात.

कवठाचा शेंडा चौथ्या दिवशी वळला. पानं गळली. हरणाबाई रोज सकाळी बुंध्याची साल नखानं जरा खरवडून बघायच्या. आत हिरवं आहे का, एवढंच. त्या बघून परत वळेपर्यंत माझा जीव टांगणीला. असे दोन महिने गेले. मग एका सकाळी त्या बराच वेळ झाडापाशी वाकून राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "फुटलंय." बुंध्याच्या खालच्या अंगाला दोन बारीक कोंब आले होते.

राजेश्वरीनं मग मातीच्या कोऱ्या रांजणात पुन्हा खत केलं. ते पातळ करून पंधरा दिवसांनी एकदा, बुंध्यापासून हातभर लांब घालते. भाजीची देठं, राख, पाचोळा सगळं तिथंच कुजतं. कवठ आता दोन वर्षांत हरणाबाईंच्या डोक्यावर गेलंय. फोनवर वाढवून सांगायची गरज उरली नाही.

मी मात्र छपराबाहेर रिकामा पडून होतो. गेल्या उन्हाळ्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. शेजारच्या मेहरुनबी आल्या आणि म्हणाल्या, पडूनच हाय तर हा ड्रम मला द्या, पाणी साठवायला हुईल. त्यांची चार वर्षांची नौशीन माझ्या कडेला हात लावून आत डोकावत होती. मित्रांनो, शेवग्याची, तुळशीची, कवठाची, सगळ्या भीती एका बाजूला आणि ही एक बाजूला. ती पोर माझ्यातलं पाणी पिणार होती.

राजेश्वरीनं नौशीनला उचलून बाजूला घेतलं. मेहरुनबींना झालेलं सगळं सांगितलं आणि आपल्या घरातली पाण्याची टाकी दोघींत वापरायला दिली. मग ती पहार घेऊन आली.

पहिला घाव बसला तेव्हा दुखलं. दुसऱ्याला कमी दुखलं. तिनं बुडाला आणि चहूबाजूंनी इतकी भोकं पाडली की आता माझ्यात घोटभरही पाणी थांबत नाही. भंगारात जाईपर्यंत मी इथंच अंगणाबाहेर आहे.

मित्रांनो, झाडाला घरचं खत जरूर घाला. सावकाश वाढणाऱ्या झाडाला तर घालाच. पण ते ज्यात करणार त्याला आधी विचारा, तुझ्यात पूर्वी काय होतं? आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमच्या मालकाला विचारा. उत्तर मिळालं नाही तर पहार आणा. आम्ही रागावणार नाही. परवा नौशीन येऊन माझ्यात तांब्याभर पाणी ओतून गेली. ते सगळं तिच्या पायावर सांडलं, ती खदखदून हसली, आणि मी जराही घाबरलो नाही.