मंडळीचा एकच गरम कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे, मित्रांनो. माझा जन्म बर्फाच्या गावी झाला. तिथल्या ल्यूथरन चर्चच्या मंडळीचे एक पाहुणे इकडच्या मंडळीला भेटायला आले आणि उकाड्याने हैराण होऊन जाताना मला इथेच ठेवून गेले. तेव्हापासून इथून जो कोणी तिकडच्या, बहिणीसारख्या जोडलेल्या मंडळीच्या भेटीला जातो, तो मला घालून जातो. ताडमाड पाळकसाहेब गेले, गोलमटोल ऑर्गनवाले गेले. मंडळीतले शिंपी दर वेळी मला आत घेत किंवा उसवून मोकळा करत, पण कात्री कधी लावत नसत. तिकडे गेल्यावर म्हाताऱ्या बायका माझी कॉलर चाचपून बघत आणि हा अजून टिकला आहे म्हणून कौतुक करत. परत आलो की मात्र मी आणि कपाट. कुणी ऊन दाखवले नाही, डांबराच्या गोळ्या ठेवल्या नाहीत. शेवटी पाठीला कसर लागली.

यंदा बालवाडीच्या बाईंची निवड झाली. बालवाडी दोन्ही मंडळ्यांनी मिळून उभी केलेली. त्यामुळे तिथल्या वेदीपाशी उभे राहून इकडच्या शुभेच्छा बाईंनीच सांगायच्या, असे ठरले. बाई पन्नाशीच्या, चणीने लहानखुऱ्या. मुलांपुढे दिवसभर बोलतील, पण चार मोठी माणसे समोर आली की त्यांची बोबडी वळते. निवड झाल्यापासून त्यांना धड जेवण जात नव्हते. माझाही जीव टांगणीला लागला होता. हा कोट यंदा गेला नाही तर फरशी पुसायला काढा, असे मंडळीचे सेक्रेटरी सांगून गेले होते.

शिंपी म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. त्यांच्या दुकानात बाईंनी मला अंगावर चढवले. त्यांचे हात बाह्यांत गडप झाले आणि माझी खालची कड चपलांवर लोळू लागली.

"छकुले, कोटच तुला घेऊन निघालाय," शिंपीदादा हसले.

बाई हसल्या नाहीत. "बसत नाही ना दादा? मग पाळकसाहेबांना सांगते, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

त्या निमित्तच शोधत होत्या आणि ते मीच त्यांच्या हाती दिले होते.

दादांनी खडूने माझ्यावर रेघ ओढली. "नुसता आत घेऊन भागणार नाही. बाह्या चार बोटं कापतो, खालून वीतभर. मग बसेल. पण पुढे दुसऱ्या कुणाला होणार नाही हा."

कात्रीचे गार पाते बाहीला लागले. मी अंग चोरून घेतले. तेवढ्यात बाईंनी भावाचा हात धरला.

"कापू नकोस. माझ्यामागनं जाणारा उंच असला तर?"

"म्हणजे तू जाणार?"

बाईंनी खडूची रेघ बोटाने पुसून टाकली. मग म्हणाल्या, "बाह्या नि खालची कड दुमडून दे."

दादांनी माझी भोके रफू केली. बाईंनी मला चांगले ऊन दाखवले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झाले.

मित्रांनो, एक विनंती आहे. आपले काम झाले म्हणून एखादी वस्तू कोपऱ्यात फेकू नका. आपल्यामागून येणाऱ्याला ती लागणार आहे, हे ध्यानात ठेवून तिला जपा.

उद्या निघायचे आहे. बाईंची भीती कमी झालेली नाही, त्यांचा घाम माझ्या अस्तराला लागतो आहे. मला घालून त्या आरशापुढे उभ्या आहेत आणि शुभेच्छांच्या पहिल्याच वाक्याला अडखळतात. स्टुलावर बसलेले दादा म्हणतात, "पुन्हा म्हण."

आणि त्या पुन्हा म्हणतात.