वेदवती नावाच्या सगळ्याजणी

वेदवती राव दातांची डॉक्टर होती. हुबळीच्या रेडिओवर ती गोड खाण्यावरून असा दम भरायची, की ऐकणाऱ्यानं हातातला म्हैसूरपाक गुपचूप खाली ठेवावा. वेदवती राव पुण्यात शेअर बाजार शिकवायची. वेदवती राव अमेरिकेत बसून एका पॉडकास्टवर ‘मुलांवर कधी ओरडू नका’ असं सांगायची, आणि मागून तिचीच मुलं इतका धिंगाणा घालायची की शेवटी ती माइकवर हात ठेवून ओरडायचीच. आणि म्हैसूरला सरस्वतीपुरमात एक वेदवती राव दहावीत होती. गणितात काठावर, बोलण्यात मात्र अख्ख्या वर्गाला पुरून उरेल अशी. हिला घरात चिन्नी म्हणत.

नावांचा हा खेळ पुट्टीनं काढला होता. पुट्टी म्हणजे दोड्डप्पांची, चिन्नीच्या थोरल्या काकांची मुलगी. चिन्नीपेक्षा बरीच मोठी, नोकरीला लागलेली, आणि तिचंही नाव वेदवती रावच! सुट्टीत दोघी एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून पडायच्या, मोबाइलवर आपलं नाव टाकायच्या आणि जी कोणी निघेल तिचं बोलणं ऐकायच्या. ऐकायचं ते दोघींनी मिळूनच, एकटीनं नाही, असा नियम होता.

“ही कोण असेल गं अक्का?”

“कीर्तनकार. घसा बघ कसा खाकरला.”

ती निघायची मधमाश्या पाळणारी! मग दोघी अशा हसत सुटायच्या की अम्मा आतून विचारायची, “काय झालं? मला पण सांगा की!”

दोघींचं नाव एक, कारण ते आजीचं. त्यांच्या घराण्यात नातीला आजीचं नाव ठेवायची रीत. दोघाही भावांना आपल्या आईचं नाव आपल्याच मुलीला हवं होतं, आणि कुणीच मागे हटेना. बरं, ठेवलं तर ठेवलं, पण हाक कोण मारणार? सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही दुसरी रीत. ‘वेदवती, किती लोळतेस, ऊठ!’ असं अम्मा सासूबाईंच्या देखत कशी ओरडणार? म्हणून एक पुट्टी झाली आणि एक चिन्नी. खरं नाव उरलं शाळेच्या हजेरीपुरतं.

ते नाव पहिल्यांदा कुणी मान देऊन उच्चारलं, तर रेडिओवर.

कुवेंपुनगरात एक छोटंसं रेडिओ केंद्र होतं. तिथल्या सीतालक्ष्मी मॅडम दर रविवारी ‘घरची बोली’ नावाचा कार्यक्रम करायच्या. कुणी तुळूत बोलायचं, कुणी कोंकणीत, तर कुणी चिन्नीच्या घरासारखं, अर्ध्या वाक्यात कन्नडवर उडी मारणाऱ्या मराठीत. पण चिन्नी तेव्हा पाहुणे आले की दाराआड उभी राहणारी मुलगी होती. तिला तिथं ढकललं तेही पुट्टीनंच.

“माइक तोंडापासून वीतभर लांब धर,” पुट्टीनं शिकवलं. “आणि बोलताना हस. हसलेलं ऐकू येतं, माहितीये?”

चिन्नी हसत हसत बोलली. तिनं आजीची गोष्ट सांगितली. आजी जायच्या आधीचं वर्षभर चिन्नीच तिला दवाखान्यात घेऊन जायची. एकदा नर्सनं मोठ्यानं पुकारलं, “वेदवती!” आजी आपली ढिम्म. जन्मभरात तिला त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती. नवरा ‘अगं’ म्हणायचा, मुलं अम्मा, सुना सासूबाई. वेदवती म्हणजे आपण, हे ती विसरूनच गेली होती. पण रोजच्या हजेरीची सवय झालेली चिन्नी ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, “प्रेझेंट मॅडम!” झालं, नर्स सुई घेऊन हिच्याकडेच निघाली. तेव्हा आजी तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, “माझं नाव घेऊन बसलीस ना? आता सुईपण तूच घे!”

एवढीशी गोष्ट, पण काय सांगावं! फुलवाल्या बाईनं अम्माला थांबवून विचारलं, “तुमचीच का ती रेडिओवाली?” गणिताच्या सरांनी पेपर देताना चक्क स्माइल दिलं, तेही त्या मार्कांवर. आणि सीतालक्ष्मी मॅडम म्हणाल्या, “वेदवती, दसऱ्यापासून दर रविवारी दहा मिनिटं तुझी. ‘वेदवतीच्या गोष्टी’.” चिन्नी त्या दिवशी घरी चालत आली नाही, तरंगत आली. दाराआडची ती जुनी मुलगी मागे दाराआडच राहून गेली.

सहामाही संपली त्या दुपारी चिन्नीनं सहज मोबाइलवर नाव टाकलं, तर नवी वेदवती! पुण्याचा एक पॉडकास्ट, महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी माणसांबद्दलचा. पाहुणी, वेदवती राव. फोटो नव्हता. चिन्नीनं लगेच पुट्टीला लिहिलं, ‘अक्का!!! नवी सापडली! तू एकटी ऐकू नकोस हं, मीही ऐकत नाही. कधी येतेस?’

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

चिन्नीनं वाट पाहिली. कपडे घडी करून ठेवले, कुणी सांगितलं नसताना. संध्याकाळी मात्र तिला राहवेना. थोडंच ऐकू, नुसता आवाज, असं म्हणून तिनं इअरफोन घातला.

आवाज पुट्टीचा होता.

आधी चिन्नीला आनंदच झाला. अय्यो, अक्का! मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता वाटतं! निवेदक मोठा हसरा होता. म्हणाला, “तुमची ती रेडिओवरची दवाखान्याची गोष्ट आम्ही ऐकली आणि तुम्हाला शोधूनच काढलं.” हां, म्हणजे शोधत होते चिन्नीला आणि नावावरून पोचले पुट्टीकडे. आता सांगेल, चिन्नीला वाटलं. आता म्हणेल, ‘अहो, ती मी नव्हे, ती आमची चिन्नी.’

पुट्टी हसली. अगदी ऐकू येईल असं हसली. आणि म्हणाली, “त्या दिवशी मी आजीला घेऊन दवाखान्यात गेले होते.”

मग सगळी गोष्ट. नर्स, हजेरी, सुई, पदर. फक्त घरची बोली तेवढी गायब. शब्दन् शब्द इस्त्री करून ठेवलेला, पुण्याच्या माणसाला कुठं टोचू नये असा. नाव तेच, त्यामुळे गोष्टीला कुठं शिवण दिसेना. ‘वेदवती’ अशी हाक आली की पुट्टीही तितक्याच हक्कानं उभी राहू शकत होती.

“पण रेडिओवर आवाज फारच कोवळा होता हो तुमचा,” निवेदक म्हणाला.

“तो मी मुद्दाम लावला होता,” पुट्टी म्हणाली. “लहान मुलीचा. एक पात्रच म्हणा ना. चिन्नी नावाचं.”

चिन्नीनं इअरफोन काढला. स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज येत होता आणि अम्मा पाणी भरायला सांगत होती. चिन्नी उठली, तिनं पाणी भरलं. आपण खरंच आहोत का, हे बघायला तिनं हंड्यात हात बुडवून पाहिला. खोटं वाटेल, पण पाहिला.

दोन दिवसांनी सीतालक्ष्मी मॅडमचा फोन आला. “वेदवती, ती गोष्ट तुझी की तुझ्या अक्काची? तो पुण्याचा पॉडकास्ट ऐकून लोक मला विचारतायत, लहान मुलीकडून दुसऱ्याचं पाठ करून घेता काय म्हणून. मी तुला खोटारडी म्हणत नाही, बाळ. पण अक्कानं मला एकदा सांगू दे. तोवर दसऱ्याचं थांबवते.”

चिन्नीनं घरी सगळं सांगितलं. अम्मा म्हणाली, “आजी दोघींची, नाव दोघींचं. एवढं काय त्यात?”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “पुट्टीच्या लग्नाचं बोलणं चाललंय. आत्ता घरात वाद नको. पुढच्या वर्षी नाही का करता येणार रेडिओ?”

म्हणजे झालं. चिन्नीनं शाळेची बॅग पाठीला लावली आणि सरळ हूटगळ्ळीची बस पकडली.

हूटगळ्ळीत दोड्डप्पांचं नवं घर होतं, अजून रंगाचा वास येणारं. दोड्डम्मानं, म्हणजे पुट्टीच्या आईनं, दार उघडलं, “वाळलीस गं चिन्नी!” म्हणून गाल ओढला आणि कॉफी ठेवायला आत गेली. पुट्टी वरच्या खोलीत होती. चिन्नीला बघून ती जराही दचकली नाही. पलंगावरची उशी सरकवून जागा केली, नेहमीसारखी.

“ऐकलंस वाटतं.”

“ऐकलं.”

“रागावलीस? अय्यो चिन्नी, सुम्ने! उगीच, गंमत गं नुसती.”

“मी पात्र आहे?”

पुट्टी ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली. “त्यांनी मेल मला पाठवली. मी सांगणारच होते, देवाशपथ. पण ते सगळे इतकं छान छान बोलत होते... ऑफिसात मला कोणी काही विचारत नाही गं. आणि आजी माझीपण होती.”

“होती की. पण दवाखान्यात तू नव्हतीस.”

“नव्हते म्हणूनच!” पुट्टीचा आवाज एकदम फाटला. “मी बेंगळूरूला हॉस्टेलवर परीक्षा देत बसले होते. ती गेली तेव्हाही नव्हते. ती गोष्ट सांगताना मला खरंच वाटलं, की मी होते तिथं. माझाच हात धरून उठली आजी.”

आता चिन्नीला काय करावं कळेना. तिला रडायला यायला लागलं, आणि ते स्वतःसाठी की पुट्टीसाठी, हेही समजेना. तिनं पुट्टीचा हात धरला. क्षणभर सगळं मिटल्यासारखं झालं, अगदी मिटलंच.

“मग अक्का, एक फोन कर. मॅडमना सांग फक्त. पुण्याचं मी काही म्हणत नाही. तुझं कुणाला कळणार नाही.”

“एवढंच ना? आत्ता करते.”

पुट्टीनं डोळे पुसले, नंबर लावला आणि दोघींना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. चिन्नी मांडी घालून बसली.

“नमस्कार मॅडम, मी वेदवती राव, मोठी.” आवाजात पुन्हा ते हसू आलं होतं. “अहो, घोटाळा काही नाही. गोष्ट माझी, मीच लिहिलेली. सांगितली आमच्या धाकटीनं. छान सांगते ना?”

आणि तिनं चिन्नीकडे बघून डोळा मारला! बघ कसं सगळ्यांचं भागवलं, असा.

“अस्सं होय!” पलीकडून मॅडमनी सुस्कारा टाकला. “मग दोघी या की. एक लिहील, एक सांगेल. दोन वेदवती, एक कार्यक्रम. दसऱ्यापासूनच करू या. धाकटी आहे का तिथं? चालेल ना बाळ?”

पुट्टीनं मान हलवून खूण केली, हो म्हण, हो म्हण. मिळत होतं. रविवारची दहा मिनिटं, फुलवाली बाई, गणिताचे सर, सगळं परत मिळत होतं, एका ‘हो’मध्ये. अप्पा खूश, अम्मा खूश, लग्नाचं बोलणं सुरळीत.

“नाही मॅडम,” चिन्नी म्हणाली. “अक्कानं लिहिलेली नाही. कुणीच लिहिलेली नाही ती. तसं झालं होतं, आणि आजीबरोबर मी होते. अक्का खोटं बोलतेय. मला तिच्याबरोबर करायचं नाही.”

खाली दोड्डम्मा कपबशा मांडत होती, ते वरपर्यंत ऐकू आलं.

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातलं ‘बाळ’ वगैरे गेलेलं होतं. “तुमच्या घरात आधी ठरवा. मग मला कळवा. नाहीतर त्या वेळेला मी दुसरं काहीतरी लावते.”

फोन बंद झाला. चिन्नीला वाटलं होतं, पुट्टी खाली मान घालेल. निदान गप्प तरी बसेल. पुट्टी तिच्याकडे अशी बघत होती, जणू चिन्नीनंच तिच्या ताटातलं ओढून घेतलं होतं.

“बाहेरच्या बाईसमोर मला खोटं पाडलंस?” ती म्हणाली. “मी तुला सगळं मिळवून देत होते. माइक धरायला कुणी शिकवलं गं तुला? दाराआडून बाहेर कुणी काढलं? मी! आणि तू मला...”

तिला खरंच लागलं होतं. तेच तर भयंकर होतं. ती नाटक करत असती तर चिन्नीला जोरात भांडता आलं असतं. आपलं काय चुकलं ते हिला कधीच कळणार नाही, आज नाही, पुढच्या वर्षी नाही, म्हातारी झाल्यावरही नाही, हे चिन्नीला त्या उशीशेजारी बसल्या बसल्या लख्ख दिसलं. तिनं बॅग उचलली.

“कॉफी तरी घे गं!” दोड्डम्मा जिन्याखालून म्हणाली.

“अभ्यास आहे दोड्डम्मा.”

बसथांब्याला नेहमीची गर्दी होती. कारखान्यांची पाळी सुटली होती, दुचाक्यांच्या मधून रस्ता ओलांडायला जागा नव्हती. चिन्नी कोपऱ्यात उभी राहिली. मागून चपला फटफटत कुणीतरी धावत येत होतं. पुट्टी. केस सुटलेले, हातात चिन्नीची पाण्याची बाटली.

“विसरलीस,” ती धापा टाकत म्हणाली. बाटली पुढं धरून ती थांबली. नाक अजून लाल होतं. चिन्नी आता काही बोलेल, निदान ‘चल हट’ म्हणून चापट मारेल, अशी वाट बघत थांबली.

चिन्नीनं बाटली घेतली.

“थँक्स हं,” ती म्हणाली.

त्यांच्या घरात कधी कुणी कुणाला थँक्स म्हणत नसे. पुट्टीचा हात तसाच पुढं राहिला. बस आली, आणि चिन्नी पुढच्या दारानं चढून गेली.