बरणीतलं पाणी

टक्.

स्वयंपाकघरातल्या बरणीचं झाकण वाजलं आणि कप विसळणारा तिचा हात थांबला. लेकीने तळ्यातून आणून पाळलेल्या तीन कोळंब्यांपैकी एक उडी मारून झाकणावर आपटली होती. एरवी तळ्यावर हवा घालणाऱ्या चाकांच्या घरघरीत हा आवाज ऐकू यायचाच नाही. आज पाण्याचे तुषार शेजारच्या तळ्यात उडू नयेत म्हणून नवऱ्याने चाकं बंद ठेवली होती, आणि सगळं घरच मुकं झालं होतं.

काल चाऱ्याची जाळी वर काढली, तर चारा जसाच्या तसा. मग कडेला सुस्तावलेल्या कोळंब्या दिसल्या, कवचावर पांढरे ठिपके. ठिपके दिसले की विकायचं नाही, पाणी सोडायचं नाही, ब्लीचिंग पावडर टाकून सगळं तळं मारायचं, असा शब्द कालव्यावरच्या तळेवाल्यांनी एकमेकांना दिला होता. देताना प्रत्येकाला वाटलं होतं, ही वेळ दुसऱ्यावर येईल. लेकीला मात्र तिने सांगितलं होतं, तळं आजारी आहे, मामा औषध घेऊन येतोय.

तळ्यात घातलेला पैसा मामाचाच होता. बहिणीच्या भरवशावर त्याने स्वतःचं घर बांधायचं लांबणीवर टाकलं होतं.

ती चहा घेऊन बांधावर गेली. भाऊ पाण्याकडे बघत होता, नवरा स्वतःच्या पायांकडे.

"दादा, आजच जाळं ओढलं तर तुझे निम्मे पैसे तरी सुटतील," ती हळूच म्हणाली. "कुणाला कळायचं नाही."

नवऱ्याने चमकून वर पाहिलं. दादाने फुंकर मारत चहा संपवला, अगदी तळापर्यंत. पलीकडच्या तळ्यावरची शेजारीण जाळी उचलता उचलता थांबली आणि हात हलवून विचारू लागली, काय म्हणतंय तळं?

"हिचं तळं आपल्या खालच्या अंगाला ना?" दादाने विचारलं.

"हो. आपलं पाणी तिकडेच उतरतं."

"मग ते फडकं दे. नाकाला बांधतो."

तिने खांद्यावरचं फडकं काढून दिलं. ते बांधता बांधता तो नवऱ्याला म्हणाला, "चला जावईबापू. आणि काहीतरी बोला हो. तुमच्यापेक्षा ही तळ्यातली कोळंबी बोलकी."

नवरा कसनुसं हसला. पावडरचं पहिलं पोतं दोघांनी मिळून उचललं.

ती घरात आली. पावडरचा उग्र वास मागोमाग आलाच होता, त्यामुळे डोळे पुसायला निमित्त शोधावं लागलं नाही. लेक स्टुलावर चढून खिडकीतून मामाला न्याहाळत होती. बरणी तिने पोटाशी धरली होती.

"आई, मामा औषध घालतोय ना?"

"हो गं."

लेक खाली उतरली आणि दोन्ही हातांनी बरणी तिच्यापुढे केली.

"मग यातही चिमूटभर घालायला सांगशील? पाणी तिथलंच आहे."