मास्तरीणबाईंचे कान

"आत गेल्यावर काय करायचं?"

"खाली बघायचं."

"आणि साहेबांनी काही विचारलं तर?"

"तरी खालीच बघायचं. किती वेळा घोकून घेशील गं? मी काय पहिलीत आहे?"

"पहिलीतली पोरं बरी. एकदा सांगितलं की गप्प तरी बसतात," सून म्हणाली.

कामगार कार्यालयाच्या लांबलचक बाकावर सून टोकाशी तिरकी बसली होती. तोंड सासूकडे आणि पाठ जिन्याकडे. शेजारी बसून बोललेले मास्तरीणबाईंना कळत नसे, म्हणून गेली तीन वर्षे ती अशीच मान वाकडी करून बोलत आली होती. तिची मान त्यामुळे दुखे. मात्र त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती. तक्रारी करायला तिच्याजवळ दुसरे पुष्कळ विषय होते.

"आई, हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही उत्तर दिलंत की संपलं सगळं. ते म्हणणार, ऐकू येतं. ऐकू येतं म्हणजे गाडीवाल्याची हाकही ऐकू आली असणार. म्हणजे त्याचा पाय तुमच्यामुळे गेला."

"मला खोटं बोलता येत नाही."

"खोटं कुठं बोलताय? तुम्हाला ऐकू येत नाही हे खरंच आहे. नुसतं तोंडाकडे बघू नका म्हणतेय मी."

मास्तरीणबाईंनी पदर सारखा केला. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघणे म्हणजे काय, हे सुनेला कळणे शक्य नव्हते. ज्यांची मान जन्मभर खालीच राहिली, त्यांना ती आणखी एकदा घालणे अवघड जात नाही. बाईंची मान एकतीस वर्षे वर राहिली होती, आणि ती हौसेने नव्हे, कामाची गरज म्हणून.

त्या ज्या शेडमध्ये काम करत, तिथे एकशे साठ माग एकाच वेळी चालत. अशा ठिकाणी माणसाचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोहोचत नाही. तिथे बोलायचे ते ओठांनी, आवाज न काढता, प्रत्येक अक्षराला पुरते तोंड देऊन. आणि ऐकायचे ते डोळ्यांनी. बाई ही बोली इतकी स्वच्छ बोलत की नव्याने लागलेली प्रत्येक मुलगी आधी त्यांच्या हाताखाली दिली जाई. तेव्हापासून त्या मास्तरीणबाई झाल्या आणि त्यांचे खरे नाव फक्त हजेरीकार्डावर उरले. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोले, नणंदेची उणीदुणी काढी. जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा माणूस, दोघींच्या मधोमध उभा असे आणि त्याच्या नव्याने काळ्या केलेल्या केसांची चाललेली थट्टा त्याला मेल्याला कळत नसे.

कान नेमके कधी गेले ते बाईंना सांगता आले नसते. दात पडला की हातात येतो, केस पिकला की आरशात दिसतो. कान मात्र चोरपावलांनी जातात आणि घरच्यांनाही पत्ता लागू देत नाहीत. उलट घरात अशी समजूत होती की बाईंचे कान फार तिखट. सुनेने ओट्याशी उभे राहून जाऊबाईजवळ काही पुटपुटावे आणि बाईंनी अंगणातून उत्तर द्यावे, "मी अजून जिवंत आहे हो!" तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बाईंच्या पाठीमागे नळ धो-धो वाहत होता, बादली भरून पाणी उंबऱ्यापर्यंत आले होते, आणि बाई पाठ करून शांतपणे भाजी निवडत होत्या. त्या दिवशी सुनेच्या लक्षात आले. तिने कोणाला सांगितले नाही. फक्त समोर येऊन बोलू लागली.

कंपनीला मात्र ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. कानांची काळजी घ्या असे बजावणारे मोठे रंगीत चित्र कंपनीने आणले होते आणि ते हिशेबनिसाच्या खोलीत लावले होते, जिथे पंख्याखेरीज कशाचाच आवाज नव्हता. एका वर्षी कानात घालायचे बोळेही आले. सरकारी पाहणीच्या दिवशी सकाळी ते वाटले, संध्याकाळी मोजून परत घेतले. पुढे मॅनेजरच्या केबिनची काच मागांच्या हादऱ्याने खडखडू लागली, तेव्हा त्यांतले चार बोळे काचेच्या फटीत बसवलेले बाईंनी स्वतः पाहिले. काच त्यानंतर कधी वाजली नाही.

आणि गेली बावीस वर्षे वर्षातून एकदा डॉक्टर येत असे. तो टेबलापलीकडे बसून विचारी, "नाव? जेवलात का? काही त्रास?" उत्तर बरोबर आले की दाखल्यावर लिही, 'श्रवणशक्ती उत्तम.' फार वर्षांपूर्वी एक बाई या परीक्षेत चुकली. पुढच्या आठवड्यात तिला 'प्रकृतीच्या कारणास्तव' घरी बसवले. तिची पोरे लहान होती. त्या दिवसापासून मास्तरीणबाईंनी आपल्या शिकवणीत एक धडा वाढवला. नव्या मुलीला त्या सांगत, "खिडकीकडे पाठ करून उभी राहा. डॉक्टरचं तोंड उजेडात ठेव. म्हणजे चुकणार नाहीस." त्यानंतर शेडमधली एकही बाई त्या परीक्षेत चुकली नाही. याचा बाईंना अभिमान होता.

सव्वा महिन्यापूर्वी बाई दोन मागांमधली वाट ओलांडत होत्या. पाठीमागून गाडीवाला बीम घेऊन येत होता. बीम म्हणजे उभा धागा गुंडाळलेला, दोन माणसांच्या वजनाचा लोखंडी रूळ. तो दोनदा ओरडला. बाई हलल्या नाहीत. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली, बीम घरंगळला आणि त्याच्याच पावलाचा चुरा झाला. दवाखान्यात जबाब घेतला तेव्हा तो म्हणाला, "मी दोनदा ओरडलो, बाई हलल्या नाहीत. गाडीला दिवा असता तर त्यांना दिसला असता." पहिले वाक्य कंपनीने नोटिशीत जसेच्या तसे उतरवले. दुसरे कुठे गेले ते कंपनीलाच माहीत.

इशारा ऐकूनही जाणूनबुजून दुर्लक्ष, म्हणून कामावरून कमी. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. बाईंना नोकरीचे दुःख होतेच. त्याहून अधिक झोंबत होते ते 'जाणूनबुजून'. ज्याने आपला जीव वाचवला, त्याचा पाय आपण जाणूनबुजून घालवला असे सरकारी कागदावर कायमचे लिहिले जाणार होते. ते खोडायचे तर एकच वाट होती. ऐकू येत नाही हे चौकशी अधिकाऱ्यासमोर सिद्ध करायचे. मग कान कोणी घालवले, हाही प्रश्न आपोआप निघाला असता, आणि त्याचे उत्तर कंपनीला द्यावे लागले असते.

शिपायाने दारातून हाक मारली. सुनेने बाईंच्या गुडघ्यावर थोपटले. "खाली," ती ओठांनी म्हणाली. बाई आत गेल्या.

अधिकारी सभ्य होता. सफाचट दाढीमिशी, आणि ओठ तर असे ठसठशीत की शिकवणीला बोलवावे. मिशाळ असता तर बाई कदाचित वाचल्या असत्या. त्याच्या शेजारी मॅनेजर, पुढ्यात दाखल्यांची फाईल. बाई खुर्चीवर बसल्या आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी नजर टेबलावर खिळवली.

टेबलावर काच होती. काचेत दोघांची तोंडे उलटी पडली होती.

मागाखाली आडवे होऊन अडकलेला धागा सोडवताना शेजारीण डोक्याच्या बाजूने वाकून बोले. ते उलटे बोलणे वाचण्यात बाईंची हयात गेली होती. 'बाई, तुमचं नाव?' काचेतले ओठ म्हणाले. बाईंनी दातांवर दात घट्ट दाबले. 'किती वर्षं झाली कामाला?' त्यांनी श्वास रोखला. अधिकाऱ्याने मॅनेजरकडे पाहिले. मॅनेजर खुर्चीत रेलला.

"साहेब, हिचं लक्ष कामात कधी नव्हतंच. हिच्या मागाचं कापड म्हणजे नुसती जाळी. गिऱ्हाईकं परत पाठवायची, आम्ही पोटात घालायचो. म्हातारी बाई, जाऊ द्या म्हणायचो."

मास्तरीणबाईंची मान झटक्यात वर आली.

"कुणाच्या मागाचं?"

त्या खुर्चीतच मॅनेजरकडे वळल्या.

"एकतीस वर्षांत माझ्या मागाचा एक ताका परत आला असेल तर दाखवा. तारीख सांगा, नंबर सांगा! तुम्ही कंपनीत आलात तेव्हा उभा धागा कुठला नि आडवा कुठला, हे मी दाखवलंय तुम्हाला. जाळी म्हणे!"

मॅनेजर हसला. रागावला असता तर बाईंना बरे वाटले असते.

"झालं, साहेब. लिहून घ्या."

"बाई, तुम्हाला तर छान ऐकू येतं," अधिकारी म्हणाला.

"ऐकू नाही येत, साहेब. दिसतं."

"काय दिसतं?"

"तुमचं बोलणं दिसतं. ओठांवरचं. आम्ही सगळ्याच बायका तसं ऐकतो."

मॅनेजरने फाईल पुढे सरकवली. "बावीस वर्षांचे बावीस दाखले आहेत, साहेब. दरवेळी श्रवणशक्ती उत्तम."

"ते तसेच मिळवलेत. डॉक्टर समोर बसून विचारतो, त्याचं तोंड बघितलं की झालं."

अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या. "म्हणजे बावीस वर्षं तुम्ही डॉक्टरांना फसवलंत?"

"नाही फसवलं तर घरी बसवतात, साहेब."

"बघा. स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय," मॅनेजर म्हणाला. "तेव्हा ऐकू येत होतं, आता येत नाही. सोयीसोयीनं."

बाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिले. सुनेचे म्हणणे मोडले गेले होते, आणि ज्या कसबाचा आयुष्यभर तोरा मिरवला तेच समोर बसून त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होते. त्या उठून उभ्या राहिल्या.

"असं करा, साहेब. मी तिकडं तोंड करते. मग विचारा, काय विचारायचं ते."

आणि बोलणाऱ्या माणसाकडे आयुष्यात पहिल्यांदा मास्तरीणबाईंनी पाठ फिरवली.

समोर भिंत होती. एक खिळा होता, आणि त्याखाली पूर्वी काहीतरी टांगलेले असावे अशी चौकोनी फिकट जागा. बाई ताठ उभ्या राहिल्या. मागे काय चालले आहे ते कळायला मार्ग नव्हता. विचारत असतील का? हसत असतील का? मॅनेजर काय सांगत असेल? मान वळवावी असे फार फार वाटले. पण मान वळवली की मॅनेजर पुन्हा म्हणणार, बघा, ऐकू आलं. त्यांनी पदराचे टोक मुठीत धरले. चपलेखालून फरशीचा एक हादरा आला, मग दुसरा. खुर्ची सरकली असावी. अधिकारी जवळ येऊन विचारतोय वाटते, चांगला माणूस आहे. त्यांनी मनातल्या मनात त्याला उत्तरे दिली. नाव सांगितले. वर्षे सांगितली. गाडीवाल्याचे नोटिशीतून गळलेले वाक्यही सांगितले, ते दिव्याचे. हादरे थांबले. त्या थांबून राहिल्या. गुडघ्यात कळ आली, तशाही थांबून राहिल्या.

खांद्याला बोट लागले तेव्हा त्या दचकल्या. शिपाई होता. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

"बाई, साहेब जेवायला गेले. मघाशीच. मला खोली बंद करायचीय. मी दोनदा हाक मारली तुम्हाला." मग त्याचे त्यालाच काहीतरी उमगले आणि तो जरा सावकाश, तोंड उघडून बोलू लागला. "तेवढी इथं सही करा म्हणालेत."

टेबलावर कागद होता. अक्षर सुरेख होते. बाईंनी तो उभ्याने वाचला. 'संबंधित कामगारास आरंभी ऐकू येत असल्याचे त्यांच्या उत्तरांवरून दिसून आले. त्यानंतर त्यांस तीन प्रश्न विचारण्यात आले असता त्यांनी उत्तर देण्याचे नाकारले, व अधिकाऱ्यांकडे पाठ फिरवून उद्धट वर्तन केले. चौकशी समाप्त.'

बाईंनी पेनाला टोपण लावून ते कागदावर आडवे ठेवले.

"तुम्ही इथं होतात?"

"दारात होतो."

"काय विचारलं हो त्यांनी मला?"

शिपायाने दाराकडे पाहिले. दारात सून येऊन उभी होती. तो पुन्हा बाईंसमोर आला, उजेडात.

"पहिल्यांदा म्हणाले, तुमचं पूर्ण नाव सांगा. मग म्हणाले, किती वर्षं काम केलंत."

"आणि तिसरं?"

"तिसरं..." तो अडखळला. "तिसऱ्यांदा म्हणाले, बाई, खरंच ऐकू येत नसेल तर हात वर करा."

सुनेने तोंडाला पदर लावला. मास्तरीणबाईंनी मात्र आपला पदर खांद्यावर नीट घेतला आणि टेबलाला वळसा घालून त्या अधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हजेरीकार्डावर होते तसे पूर्ण नाव त्यांनी सांगितले. "एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. ओठांनी नव्हे, आवाज काढून म्हणाल्या. तो किती मोठा निघाला याचा त्यांना अंदाज नव्हता, पण बाहेरच्या बाकावरची माणसे उठून दाराशी आली.

मग त्यांनी उजवा हात वर केला. शिपाई कुलूप हातात धरून उभा राहिला. हात खाली घ्या असे म्हणायला त्याला धीर झाला नाही.